हसायला मनाई

उत्तर न दिलेलं ते पत्र काशीराम सातार्डेकरांना आठवलं, ते नेमकं अशा वेळी की आता ते पुन्हा वाचताही येणार नव्हतं आणि त्याला उत्तरही लिहिता येणार नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मोतीबिंदू काढला होता एकाच डोळ्याचा, पण एक डोळा हलला की दुसराही हलतो म्हणून दोन्ही बांधलेले. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही, रडायचं नाही आणि हसायचंही नाही, असं सिस्टरनं बजावून ठेवलेलं. पहिले चार नियम त्यांना पाळता येण्यासारखे वाटले होते आणि पाचवा तर त्यांनी आयुष्यभर पाळलाच होता. असे ते घाटकोपरच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या वॉर्डात उताणे पडले होते आणि अचानक कोणीतरी त्यांच्या छातीवर एक चपटी खडबडीत पेटी ठेवली. मेणाचा वास आला. लहान मुलांच्या शाळेत येतो तसा. मग एका मुलीचा आवाज आला, भरभर, थोडा घाबरलेला.

"नमस्कार आजोबा. मी शुभा. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आज गुरुवार ना, आज आम्ही तपासायला नाही येत. आज आपण मिळून काहीतरी बनवायचं. तुम्हाला चित्र काढायला आवडतं?"

पलीकडच्या खाटेवरून हरेश्वर बोलला. हा ट्रॉम्बेचा कोळी, त्याच्याही डोळ्यांवर पट्टी. "आगो बाय, आंधल्यांना रंग वाटतेस? उद्या लंगड्यांना नाचाला नेशील!"

"अय्यो," मुलगी म्हणाली. "वाट लागली. मला फक्त खाटेचा नंबर दिला होता हो. कुठला वॉर्ड ते बघितलंच नाही मी."

गुरुवार. रंग. मिळून काहीतरी बनवायचं. हे शब्द काशीरामांनी आधी त्या पत्रात वाचलेले होते. कान गरम झाले. म्हणजे डॉक्टर क्षमा गुप्त्यांचा तो उद्योग इथेच, याच हॉस्पिटलात चालतो. म्हणजे त्या इथे येत असणार, बहुधा याच वॉर्डात, याच खाटेपाशी. पट्टी आहे हे बरं झालं असं त्यांना त्या क्षणी वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला जे वाटत असेल ते.

पत्र गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आलं होतं, मुलुंडच्या पत्त्यावर. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की आमच्या विद्यार्थ्यांना रोग दिसतो, माणूस दिसत नाही. म्हणून आठवड्यातली एक दुपार त्यांना मी औषधांशिवाय पेशंटपाशी बसवते, चित्रं काढायला, गोष्टी सांगायला, गाणी म्हणायला. पण नुसतं बसायचं कसं हे त्यांना येत नाही, मलाही शिकवता येत नाही. तुम्ही याल का? मी कॉलेजात असताना आमचा वार्षिक अंक तुमच्या प्रेसमध्ये छापायला आणत असे. माझ्या लेखाचं प्रूफ परत देताना तुम्ही विचारलं होतं, "या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं?" मला माहीत नव्हतं. मी सगळं लिहिलं होतं, त्याची लिव्हर, त्याचं रक्त, त्याचा ताप, पण पुढे त्याचं काय झालं हे मी पाहिलंच नव्हतं. तो प्रश्न मी विसरलेले नाही.

काशीराम मात्र विसरले होते. पत्र वाचून त्यांनी खूप आठवून पाहिलं. वेणी घातलेली एक उंच मुलगी अंधुक आठवली, तिची घाई आठवली, लेख जुळवला त्या शिशाच्या खिळ्यांचा आकारही आठवला, पण प्रश्न आठवेना. आपण तो कळवळ्यानं विचारला असेल हे त्यांना पटेना. जन्मभर प्रूफं तपासलेल्या माणसाला शेवट नसलेला मजकूर खटकतो, पान हरवलंय की काय असं वाटतं. तेवढ्याचसाठी विचारलं असणार. आणि या बाईंनी त्यावर केवढा इमला बांधलेला. जाऊन तिथे काय सांगायचं? की मला लोकांशी बोलता येत नाही, म्हणून तर मी या धंद्यात पडलो? शिवाय आणखी एक झालं, ज्याची त्यांना जास्त लाज वाटत होती. उत्तर लिहायला बसले, समोर पत्र ठेवलं, आणि हातातल्या पेन्सिलीनं सवयीप्रमाणे आपोआप पत्रातल्या चुका दुरुस्त केल्या. एक ऱ्हस्व दीर्घ केला, एका शब्दाखाली 'राहू द्या'ची टिंबं दिली, समासात खूण केली. भानावर आले तेव्हा ते पत्र पत्र राहिलं नव्हतं, प्रूफ झालं होतं. मग स्वतःचं उत्तर लिहिलं. त्यातही चुका दिसल्या, दुसरं लिहिलं, त्यात शब्द फार झाले असं वाटलं, तिसऱ्यात आढ्यता वाटली. मग अक्षरंच पुसट व्हायला लागली. दिवा पिवळा वाटू लागला, ओळी एकमेकींवर चढू लागल्या. मोतीबिंदू पिकला तसं त्यांना मनातून सुटल्यासारखंही झालं, की आता न लिहायला कारण आहे.

"आजोबा, झोपलात?"

"नाही."

"मग काय करायचं आपण?" तिनं स्टूल ओढलं. मग ती म्हणाली, "डोळ्याला कमी दिसायला लागून किती दिवस झाले? डायबिटिस आहे? ब्लडप्रेशर? घरात कोणाला..." आणि थांबली. "सॉरी हां. तोंडातून तेच येतं. मॅडम ओरडतात. म्हणतात, गुरुवारी प्रश्न विचारायचे तर ज्याचं उत्तर केसपेपरवर लिहिता येणार नाही असे विचारा. मला असा एक पण प्रश्न सुचत नाही, खरं सांगते."

काशीरामांना ही मुलगी एकदम जवळची वाटली. ती आजार शोधत बसलेली, आपण चुका शोधत बसलेले. समोरचं माणूस बोलतंय आणि आपली नजर मात्र बिघाड कुठे आहे तिकडे. हे तिला सांगावं असं वाटलं, पण वाक्य मनात नीट जुळेपर्यंत तिनंच तोडगा काढला.

"असं करू या का? तुम्ही सांगा, मी काढते. माझी चित्रकला बोगस आहे, पण तुम्हाला कुठे दिसणार आहे!"

"झकास!" हरेश्वर म्हणाला. "माजंही काड मंग. मोठा म्हावरा काड, मास्तराच्या खाटेएवडा." काशीराम कधी कुठे मास्तर नव्हते, पण सकाळी त्यांच्या बायकोनं, नलिनीनं, त्यांच्या पुस्तकांचा विषय काढल्यापासून हरेश्वरनं त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

"काय काढू, आजोबा?"

काय सांगावं? अंधारात दोन दिवस त्यांच्यासमोर एकच जागा येत होती. त्यांनी सावकाश सुरुवात केली. मुलुंडची आमची खोली. दारातून आत आलं की समोर मेज. मेजाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला पुठ्ठा. वर हिरव्या छत्रीचा दिवा, प्रेस बंद झाला तेव्हा मालकानं दिलेला. डाव्या हाताला पुस्तकांची फळी, फळी मधे वाकलेली, जाड पुस्तकं कडेला आणि बारीक मधे ठेवलीत तरी वाकलेली. उजवीकडे खिडकी. खिडकीत तुळस नाही, ओवा आहे. खिडकीतून लांब डोंगर दिसतो. मेजासमोर खुर्ची, वेताची, बसून बसून खळगा पडलेली. बोलता बोलता त्यांना ती खोली इतकी लख्ख दिसायला लागली की पट्टीखाली डोळे उघडलेत की काय असं वाटलं. त्या खुर्चीत बसून ते रोज दुपारी मोठ्यानं वाचत. पेपर, मासिकं, ग्रंथालयातल्या कादंबऱ्या. प्रेसमध्ये एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं प्रूफ तपासायचं अशी रीत. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून, एका सुरात. तीच सवय घरी. नलिनीला फारसं वाचता येत नव्हतं. सुरुवातीला ती हसायची, "स्वल्पविराम कोण तो, सारखो येता?" म्हणायची. पुढे तिलाही सवय झाली. तांदूळ निवडत ऐकायची. मुलगा बडोद्याला गेला, घरात दोघंच उरली, तरी दुपारचं वाचन चुकलं नाही. आणि मग डोळे गेले, वाचन बंद पडलं. कादंबरी अर्ध्यावर राहिली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वाचन बंद झाल्यावर घरात बोलणंच बंद झालंय. इतकी वर्षं या घरात जे बोलणं चाललं होतं ते सगळं दुसऱ्यांनी लिहिलेलं होतं. आता ती भांडी घासायची त्याचा आवाज, रेडिओ, आणि मधेच तिचा एक सुस्कारा. ऑपरेशनला ते तयार झाले ते याच भीतीनं. डोळा आला नाही तर उरलेली वर्षं ही अशीच जाणार, दोन माणसं आणि मधे बंद पुस्तक. डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका, पण टाके जपा. टाका तुटला तर आम्हाला काही करता येणार नाही.

"दिवा, पुस्तकं, ओवा, डोंगर," शुभा पुटपुटत होती. खडूचा कागदावर घासल्याचा आवाज येत होता. "बास? अजून काही?"

"नाही. एवढंच. सगळं आलं."

आणि तेव्हा उशाकडून आवाज आला. नलिनी केव्हाची येऊन बसली होती, पेजेचा डबा मांडीवर घेऊन. पेजेचा वास त्यांना येत होता, पण तो हॉस्पिटलचाच असेल असं ते धरून चालले होते.

"मेज सांगलास," ती म्हणाली. "दिवो सांगलास. पुस्तकां सांगलास, ओवो पण सांगलास. आणि मी खंय बसतंय?"

काशीरामांनी तोंड उघडलं. खोली अजून समोर लख्ख होती. त्यांनी मेजाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. तांदळाचे खडे सुपात टिचकीनं उडत होते, तो आवाज येत होता, पण तो कुठून येत होता? पाटावरून? उंबऱ्यावरून? खिडकीखालून? जन्म गेला, आणि ते आपल्या बायकोला त्या खोलीत कुठेच बसवू शकेनात.

"तू," ते म्हणाले, "तू ऐकत असतेस."

"मास्तर!" हरेश्वर ओरडला. "मेजाचा पाय सांगलास नि बायकूच इसरलास! आरं, माजी सगुणा असती तर तुजी पट्टी सोडून तुला पुन्ना आंधला केला असता!"

सगळ्या खाटा हसायला लागल्या. डोळे बांधलेली, उताणी पडलेली माणसं, कुणी कुणाला दिसत नाही, आणि सगळी पोटातून हसतायत. शुभा हसत होती, नलिनीही हसत होती. तिचं हसू काशीरामांनी कितीतरी महिन्यांनी ऐकलं. ते हसले. थांबवायला गेले तर जास्तच हसू आलं. वाळूच्या पिशव्या हलल्या, छातीवरची पेटी घरंगळून खडू फरशीवर सांडले. "हसू नकात, अवो, डोळो जायत!" असं नलिनी हसता हसताच म्हणत होती. आणि मग डोळ्यात सुई फिरल्यासारखी कळ आली. ते "आई गं" म्हणाले तेव्हा सगळा वॉर्ड एकदम थांबला.

पुढचं त्यांनी आवाजांतून ऐकलं. सिस्टरच्या चपला. "कोण आहे ही? कोणी सांगितलं इथे बसायला?" शुभाचा बारीक झालेला आवाज. फरशीवरचे खडू गोळा करताना तिच्या बांगड्या फरशीला लागत होत्या. निवासी डॉक्टर आला, त्यानं पट्टीवरूनच बोट फिरवलं आणि म्हणाला, आत्ता उघडणार नाही, परवा ड्रेसिंगलाच कळेल. मग आणखी एक आवाज आला, शांत, जरा घोगरा. डॉक्टर क्षमा. त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. कित्येक वर्षांनी ऐकलेला तो आवाज त्यांनी ओळखला. त्यात ती जुनी घाई नव्हती.

"आधीच सांगत होते मी, मॅडम," सिस्टर म्हणाली. "हे रंगाचे चाळे पोरांच्या वॉर्डात ठीक आहेत. उद्या ह्या आजोबांचा डोळा गेला तर कोण उत्तर देणार? मी वर लिहून देणार आहे."

"द्या," डॉक्टर क्षमा म्हणाल्या. "तोपर्यंत गुरुवार बंद ठेवू. शुभा, तू रडू नकोस. खाटेचे नंबर मी दिले होते."

हीच वेळ होती. मी सातार्डेकर, प्रेसमधला, असं म्हणायचं होतं. चूक मुलीची नाही, मला हसायची सवय नाही म्हणून जमलं नाही, असं म्हणायचं होतं. वाक्य तयारही होतं. पण मग त्या पत्राचं विचारतील, मग मी काय सांगू, या विचारानं काशीराम झोपल्यासारखे संथ श्वास घेत राहिले. केसपेपरवर आडनावाशिवाय नुसतं के. व्ही. लिहिलं होतं. पट्टीखालच्या चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. पावलं गेली. नलिनी मात्र फसली नाही. "जागे असास," ती हळूच म्हणाली.

ते दोन दिवस. डोळा गेलाच आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कळ थांबली होती, पण तीही वाईट खूण वाटत होती. काळोखात त्यांनी मनातल्या मनात घरच्या पुस्तकांच्या फळीवरून हात फिरवला, एकेक पाठ ओळखली आणि निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी नलिनी पेज भरवत होती. चमचा ओठाशी येई, थांबे, परत जाई. त्या शांततेची त्यांना इतकी भीती वाटली की त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"ती कादंबरी अर्ध्यावर राहिली गं. ती शिक्षिका होणाऱ्या नवऱ्याच्या मोठ्या घरात राहायला जाते, तिथपर्यंत आलो होतो. पुढे काय झालं कोण जाणे."

चमचा डब्यात ठेवल्याचा आवाज झाला.

"तिचा लगीन नाय झाला," नलिनी म्हणाली.

"काय?"

"त्या घराक दोन मागलदारां होती, ध्यानात आसा? तुमी वाचलास तेव्हाच माका संशय इलो. दोन मागलदारां कित्याक? तर त्या घरमालकाची पयली बायल थयच रवता. शिक्षिकेक ता कळला. ती निघान गेली. सकाळच्या एसटीन." मग तिनं सगळं सांगितलं. कादंबरीकाराच्या मनात काय होतं कुणाला ठाऊक, नलिनीनं तांदूळ निवडता निवडता, ऐकायला काही नसलेल्या त्या दुपारी, पुढची प्रकरणं स्वतःच रचली होती. शिक्षिका पुढे कणकवलीला गेली, तिथल्या शाळेत तिला एक मुलगी भेटली, त्या मुलीचा बाप गिरणीतून सुटून गावी आलेला होता. काशीराम ऐकत होते. त्यात एकही स्वल्पविराम नव्हता. कुठे काही दुरुस्त करावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. ती थांबली की ते म्हणत, "मग? पुढे?" त्यांच्या लक्षात आलं, ते चकित झाले, की हा प्रश्न त्यांना खरंच विचारायचाय. मजकुराला शेवट नाही म्हणून नव्हे. त्या बाईचं काय झालं हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून. कदाचित त्या वेळीही, प्रेसमध्ये, असंच विचारलं असेल. कुणी सांगावं.

"आणि तू कुठे बसतेस?" त्यांनी मधेच विचारलं.

"खिडकीखाली. पाठ भिंतीक. थयसून तुमचो चेरो दिसता, वाचताना."

ड्रेसिंगच्या दिवशी गरम पाण्याचा बोळा पापणीवरून फिरला. चिकटलेल्या पापण्या सुटल्या. आधी नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यात काहीतरी हललं. "किती बोटं?" डॉक्टरनं विचारलं. काशीरामांनी "तीन" म्हटलं आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले. "टाके मस्त आहेत," डॉक्टर म्हणाला. "ती कळ थोडी सूज होती म्हणून. हसल्यानं कोणाचा डोळा जात नाही हो, फक्त आम्ही तसं सांगतो." त्यानं पेटीतलं जाड भिंग डोळ्यापुढे धरलं आणि जग एकदम मोठं होऊन अंगावर आलं, कडा वाकलेलं आणि निळं. इतका निळा रंग असतो हे ते विसरले होते. त्या पिवळ्या महिन्यांनी सगळा निळा खाऊन टाकला होता. भिंतीचा निळा, सिस्टरच्या पट्ट्याचा निळा. आणि मग नलिनी, तिच्या लुगड्याचा काठ निळा. ती एकदम म्हातारी दिसत होती. ती त्यांच्याकडे इतकी रोखून पाहत होती की त्यांना आपलाच चेहरा तिच्याकडून कळावा.

"दिसता?" तिनं विचारलं.

"दिसता," ते म्हणाले. घरची बोली त्यांच्या तोंडात कित्येक वर्षांत आली नव्हती.

तिनं पिशवीतून दुमडलेला कागद काढला. शुभानं दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन तिच्या हातात कोंबला होता. काशीरामांनी तो भिंगाखाली धरला. चित्रकला खरोखरच बोगस होती. मेज उलट्या पेटीसारखं, डोंगर इडलीसारखा. कोपऱ्यात एक इवलासा माणूस, डोळ्यांच्या जागी दोन फुल्या. आणि कागदाचा अर्धा भाग व्यापून, दिवा आणि पुस्तकं आणि ओवा यांच्यावरच चढून बसलेली, निळ्या खडूनं जोर लावून रंगवलेली एक बाई. कुठे बसवायची ते ठाऊक नसल्यामुळे मुलीनं तिला सगळीकडेच बसवलं होतं. पलीकडे हरेश्वर विचारत होता, "मास्तर, माजा म्हावरा काडलान का तिनं?" काशीरामांनी नीट पाहिलं. मेजाखाली एक मासा होता. "काढलाय," ते म्हणाले. "हसतोय."

घरी आल्यावर जाड चष्मा मिळायला वेळ लागला. मिळाला त्या दुपारी ते मेजाशी बसले. नलिनी खिडकीखाली, पाठ भिंतीला. त्यांनी कोरा कागद घेतला. पेन्सिल नव्हे, पेन घेतलं. अक्षर मोठं येत होतं, ओळी उतरत होत्या. त्यांनी लिहिलं:

"डॉ. क्षमाबाईंस, तुमचं पत्र मिळालं होतं. तुमच्या लेखातल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळलं नाही. डोळ्यांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याचं कळवतो. तो मीच. दिसतं. हसल्यानं काही बिघडलं नाही, डॉक्टरांना विचारा, सिस्टरना हे पत्र दाखवा. शुभाला सांगा, तिचं चित्र आमच्या भिंतीवर आहे. गुरुवार बंद करू नका. मी येईन. मला बोलता येत नाही, पण पुढे काय झालं असं विचारता येतं, तेवढं मुलांना दाखवीन. बायकोलाही आणतो. तिला पुढचं माहीत असतं."

सही केली. आणि हात आपोआप कागदाच्या सुरुवातीकडे गेला, दुसऱ्या वाचनासाठी. पहिल्याच ओळीत काहीतरी खटकलं. त्यांनी कागद पालथा घातला.

"काय झाला?" नलिनीनं विचारलं.

"काही नाही. चल, टाकून येऊ."

जिना उतरताना पायऱ्या वाकड्या दिसत होत्या, तिनं कोपर धरलं होतं. पोस्टाची लाल पेटी कोपऱ्यावर होती. फटीपाशी पाकीट नेऊन ते क्षणभर थांबले. आत एक चूक आहे, नक्की आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"सोडा ओ," नलिनी म्हणाली. "पेटी काय चावता?"

ते हसले, अगदी मोकळं, कोपऱ्यावरचा भेळवाला वळून बघेल इतकं, आणि हसता हसता बोटं सुटली. पाकीट आत पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.